हापशाचा दांडा कुणाच्या हातात?

आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी आता एका नव्या शिक्षणाकडं वळायला लागलीत. सार्वजनिक आरोग्य. कुणी त्याला पब्लिक हेल्थ म्हणतं, कुणी ग्रामीण आरोग्य, कुणी ग्लोबल हेल्थ. परवा आपल्यातलीच एक पोरगी असा कोर्स पुरा करून घरी आली. आईनं विचारलं, "सुई टोचता येते का गं तुला?" पोरगी म्हणाली, "नाही." "औषध लिहून देता येतं?" "नाही." "मग दोन वर्षं काय शिकलीस बये?"

पोरगी गप्प. आम्ही तिथंच चहा पीत बसलो होतो. आम्हीही गप्प. फुले, मार्क्स, आंबेडकर तोंडपाठ असलेले आम्ही, धुणीभांडी करणाऱ्या एका बाईच्या साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हा अग्रलेख. तो त्या आईसाठी आहे, त्या पोरीसाठी आहे. आणि आरोग्य हा डॉक्टरांचा प्रश्न आहे, चळवळीचा नाही, असं ज्यांना वाटतं त्या आपल्या सगळ्या शहाण्यांसाठी आहे.

पोरीची पुस्तकं लंडनपासून सुरू होतात. आपणही तिथूनच सुरू करू.

१८५४ साल. लंडनमधला सोहो हा दाटीवाटीचा भाग. ऑगस्टच्या अखेरीला तिथं पटकी आली आणि थोड्याच दिवसांत सहाशेच्या वर माणसं गेली. मोठमोठे डॉक्टर म्हणत होते, घाणेरड्या हवेनं रोग होतो. म्हणजे गरीब घाण, गरिबाचा वास घाण, म्हणून गरीब मरतो. जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर होता, यॉर्कच्या एका मजुराचा पोरगा. तो दारोदार फिरला. प्रश्न एकच: पाणी कुठून भरता? मेलेल्यांची घरं त्यानं नकाशावर मांडली. ब्रॉड स्ट्रीटच्या एका हापशाभोवती मढ्यांची गर्दी दिसली. त्याच रस्त्यावर बिअरचा कारखाना होता. तिथले कामगार बिअर प्यायचे, कारखान्याची विहीर वेगळी होती. ते जगले. स्नोनं स्थानिक कमिटीपुढं पुरावा मांडला आणि ८ सप्टेंबरला त्या हापशाचा दांडा काढला गेला.

कॉलेजात गोष्ट इथंच संपवतात. टाळ्या पडतात. पण पुढचं ऐका. साथ तोवर उतरणीला लागलीच होती. ती संपल्यावर दांडा परत बसवला. सरकारी आरोग्य मंडळानं स्नोचं म्हणणं मानलं नाही. १८५८ साली तो मेला तेव्हाही 'घाण हवा'वाल्यांचंच राज्य होतं.

म्हणजे पहिला धडा दुहेरी आहे. एक: रोग माणसाच्या नशिबात नसतो, तो हापशात असतो. दोन: खरं सापडलं म्हणून ते मानलं जातंच असं नाही. दांडा ज्यांच्या हातात, खरं-खोटं ठरवणं त्यांच्या हातात.

आपल्याकडं पटकी आली की मरीआई कोपली म्हणायचे. मरीआईचा गाडा सजवायचा आणि शिवेबाहेर नेऊन सोडायचा. तिच्यापुढं स्वतःच्या अंगावर आसूड ओढणारा पोतराज आपला. रोग शिवेपलीकडं ढकलायचा आणि ढकलायला माणसं वापरायची तीही शिवेबाहेरचीच. लंडनची घाण हवा आणि आपल्या गावची मरीआई, दोघींचं काम एकच. पाण्याचा प्रश्न विचारू द्यायचा नाही.

स्नोच्या आधी सहा वर्षं, १८४८ साली, प्रशियाच्या सरकारनं रुडॉल्फ व्हिर्खो नावाच्या डॉक्टरला सायलेशियाच्या दरिद्री भागात टायफसच्या तापाची पाहणी करायला धाडलं. वय वर्षं २६. तुमच्याच वयाचा पोरगा. तिथले पोलिश भाषा बोलणारे शेतकरी-मजूर उपासमारीनं आणि तापानं पटापट मरत होते. सरकारला वाटलं, हा औषधाची यादी आणील. त्यानं आणलेल्या यादीत लोकशाही होती, लोकांच्या स्वतःच्या भाषेत शिक्षण होतं, गरिबावरचा कर काढून श्रीमंतावर टाकणं होतं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये क्रांती झाली तेव्हा हा गडी बंडवाल्यांच्या बाजूला उभा राहिला. पुढच्या वर्षी बर्लिनमधली नोकरी गेली. खरं निदान लिहिलं आणि त्याच्या बाजूनं उभं राहिलं की नोकरी जाते, हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. फक्त परीक्षेला येत नाही.

आता महाडला या.

२० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. हजारो माणसं त्यांच्या मागं प्याली. कायदे कौन्सिलचा ठराव १९२३ चा, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. तळ्यावर गुरंढोरं पीत होती, परधर्माचे पीत होते. आपण प्यालो आणि तळं बाटलं. मग सनातन्यांनी काय केलं? १०८ घागरी भरून शेण, गोमूत्र, दूध, दही त्या तळ्यात ओतलं आणि मंत्र म्हणून तळं 'शुद्ध' केलं!

थांबा, पुन्हा वाचा. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत ओतलं, म्हणजे पाणी शुद्ध झालं. ब्रॉड स्ट्रीटचा दांडा काढून तेव्हा ७३ वर्षं झाली होती. रॉबर्ट कॉखनं आपल्याच देशात, कलकत्त्यात, पटकीचा जंतू तळ्याच्या पाण्यात दाखवून ४३ वर्षं झाली होती. शिकलेले वकील-डॉक्टर तेव्हाही होते. पण त्यांना जंतूचा विटाळ नव्हता, माणसाचा होता. पुढं खटला कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

ब्रॉड स्ट्रीटचा हापसा पब्लिक हेल्थच्या पुस्तकात पहिल्या धड्यात असतो. चवदार तळं आम्हाला तरी कुठल्या धड्यात दिसलं नाही. ते असायला पाहिजे. कारण जात म्हणजे काय हे आरोग्याच्या भाषेत सांगायचं तर असं आहे: स्वच्छ पाणी कुणी प्यायचं आणि दुसऱ्याचा गू कुणी उचलायचा याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वेळापत्रक. जंतूला जात नसते, हे खरं. पण जंतूपुढं आधी कुणाला उभं करायचं ते जात ठरवते.

आणि जिला आपण फक्त शिक्षणासाठी हार घालतो ती सावित्रीबाई? १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली पुण्यात पोचला. सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला, गोरे शिपाई घराघरांत घुसवले. सावित्रीबाई ६६ वर्षांच्या. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महार वस्तीतलं प्लेगनं तापलेलं पोर त्यांनी स्वतः उचलून आणलं. १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगनं त्या गेल्या. ज्या पोराला गाव शिवत नव्हतं त्याला त्यांनी अंगाशी धरलं. आपल्या आरोग्याच्या चळवळीचा पहिला वर्ग तिथं भरला होता.

आता दुसरा धडा. मोजणं.

आपण मोजायला कंटाळतो. आपल्याला भाषण आवडतं. मढं आलं की आपण घोषणा देतो, मोर्चा काढतो, आणि तेरा दिवसांत विसरतो. कोण मेलं, कुठं मेलं, कितव्या वर्षी मेलं, तेच का मेलं, हे वहीत कोण लिहितं? सरकार लिहितं. आणि सरकार कसं लिहितं ते बघा.

डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा कायदा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ साली रक्कम तीस लाख केली. आता मजा बघा. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं: मागच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं मेली. त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत सांगितलं: हातानं मैला साफ करण्यामुळं मेलेला एकही माणूस नोंदलेला नाही.

सहा महिन्यांत ३४० मढी गेली कुठं? कुठंच नाही गेली. कायद्यात दोन कप्पे आहेत. हातानं मैला उचलणं हा एक कप्पा, गटाराची धोकादायक सफाई हा दुसरा. एका कप्प्यातली मढी दुसऱ्यात सरकवली की पहिला कप्पा स्वच्छ. देश स्वच्छ. भाषण तयार. च्यायला, एवढी सफाई गटारात केली असती तर माणसं तरी वाचली असती.

पब्लिक हेल्थ शिकलेल्या पोरीला हा कावा कळतो. तिला व्याख्या म्हणजे काय ते शिकवलेलं असतं. कागदावर 'गुदमरून मृत्यू' लिहिलं की ती पुढं विचारते, का गुदमरला? गटारातल्या विषारी वायूनं. वायू असताना उतरला का? यंत्र नव्हतं, मास्क नव्हता. का नव्हता? ठेकेदाराला माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडला. तोच माणूस का स्वस्त पडला? इथं सगळे गप्प बसतात. कारण पाचव्या 'का'चं उत्तर जात हे आहे. मृत्यूच्या दाखल्यावर त्यासाठी रकाना नाही.

पण मित्रहो, मोजणं हे दुधारी आहे. आपणही नीट मोजलं पाहिजे. आपल्या सभांतून एक आकडा फिरतो: दलित बाई सवर्ण बाईपेक्षा १४.६ वर्षं आधी मरते. तो छापील अहवालातला आहे, खोटा नाही. पण तो मेलेल्या बायांच्या सरासरी वयांतला फरक आहे. ज्या समाजात तरुण आणि पोरं जास्त, तिथं मेलेल्यांचं सरासरी वय आपोआप खाली येतं. त्याला आयुर्मान म्हणत नाहीत. समोरचा शिकलेला शत्रू ही चूक पकडतो आणि आपलं खरं दुखणंही खोटं ठरवतो.

मग पक्का आकडा कोणता? २०२२ साली एका नावाजलेल्या अमेरिकन विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. भारतातली नऊ राज्यं, दोन कोटींहून जास्त माणसांची माहिती. जन्मावेळचं आयुर्मान वरच्या जातींच्या हिंदूंपेक्षा आदिवासींचं चार वर्षांहून कमी, दलितांचं तीन वर्षांहून कमी, मुसलमानांचं सुमारे एक वर्षानं कमी. तीन हा चौदापेक्षा लहान आकडा दिसतो. पण त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य बॉम्बसारखं आहे: गरिबी-श्रीमंतीचा फरक हिशेबात धरला तरी ही दरी अर्धीसुद्धा भरून निघत नाही. म्हणजे पैसा आला की जात जाते, हे जे आपल्याला रोज ऐकवतात, त्याला आकड्यानं दिलेली ही चपराक आहे. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. महाराष्ट्रातली आपली तूट कोण मोजणार? त्या पोरीनं नाही तर कुणी?

मुंबईकरांनी अजून एक मोजणी आठवावी. २०२० साली करोनात सगळीकडं एकच घोषणा होती, अंतर ठेवा. ज्यांनी आपल्याला दोन हजार वर्षं अंतरावर ठेवलं ते आपल्याला अंतर शिकवत होते. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, शंभर माणसांना एक संडास, आणि अंतर ठेवा. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात त्या रोगाच्या अँटीबॉडी सापडल्या, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. त्याच वॉर्डात, त्याच रस्त्याच्या दोन बाजूंना. स्नोचा हापसा १८५४ मध्ये राहिला असं कुणी समजू नये. तो आपल्या सार्वजनिक संडासाच्या दारात उभा आहे.

तिसरा धडा आपल्या नावाशी जोडलेला आहे. १९७२ साली मुंबईत पँथर जन्माला आली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलं. आपण त्यांची आवळलेली मूठ बघितली, काळं जाकीट बघितलं, बंदूक बघितली. त्यांचा दवाखाना किती जणांनी बघितला?

१९६६ साली ओकलंडला सुरू झालेल्या त्या पार्टीनं १९६९ पासून शाळकरी पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. १९७० साली पार्टीचा हुकूम निघाला, प्रत्येक शाखेनं आपला फुकट दवाखाना काढायचा. १९७१ साली त्यांनी सिकलसेलच्या तपासणीची मोहीम उघडली. काळ्या लोकांत तो रोग जास्त, म्हणून गोऱ्यांच्या सरकारनं आणि वैद्यकशास्त्रानं त्याच्याकडं पाठ फिरवली होती. पँथरांनी बोटातलं रक्त घेऊन वस्तीवस्तीत तपासणी केली. आणि १९७२ साली, म्हणजे आपल्याच जन्माच्या साली, त्यांनी आपल्या दहा कलमी कार्यक्रमात फुकट आरोग्यसेवेची मागणी घातली.

आता विदर्भातल्या वाचकांनी कान टवकारले असतील. सिकलसेल त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. पूर्व विदर्भातल्या आदिवासींत तो आहे, तसाच आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, पोर सांधे धरून रात्रभर ओरडतं. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय, भगताकडं न्या. आई-बाप दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला रोग होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः ठणठणीत असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. पहिली चाचणी स्वस्तातली आहे, रोगावर वेदना कमी करणारं औषधही आहे. सरकारनं २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम काढली. रोख आदिवासी भागांवर, सात कोटी लोकांची तपासणी. आदिवासींना आधी मिळालं पाहिजे, यात वादच नाही. पण शहराच्या कडेच्या वस्तीतलं आपलं पोर त्या यादीत येतंय का, हे बघायचं काम आपलं आहे. ओकलंडच्या काळ्या आईचं आणि नागपूरच्या बौद्ध आईचं दुःख रक्ताच्या एकाच थेंबात दिसतं, आणि आपण दोन्हीकडच्या पँथरांची नावं घेतो. मूठ आणली, नाव आणलं. दवाखान्यांचं जाळं काही आपण उभं केलं नाही. ही चूक कबूल करू या. कबूल केल्यानं कुणी लहान होत नाही.

चौथा धडा त्या आईच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. सुई कुणाच्या हातात?

दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतातल्या फोलेला नावाच्या खेड्यात १९४० साली सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्यानं आरोग्य केंद्र काढलं. तिथल्याच झुलू लोकांना शिकवून घरोघर पाहणी, भाजीपाल्याचे वाफे, संडास, पाणी. वर्णद्वेषी सरकारला ते रुचलं नाही आणि ते काम गुंडाळलं गेलं. पण जॅक गायगर नावाचा अमेरिकन विद्यार्थी ते शिकून गेला. त्यानं साथीदारांसह १९६० च्या दशकात मिसिसिपीत, एकेकाळच्या गुलामांनी वसवलेल्या माउंड बायू गावात, तसंच केंद्र उभं केलं. पोरं उपाशी दिसली की डॉक्टर चिठ्ठीवर धान्य-दूध लिहून द्यायचे आणि बिल औषधाच्या खात्यात लावायचे. वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, भुकेवर औषध अन्नच असतं.

आणि आपल्या अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याचं नाव अहिल्यानगर) जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० साली तिथं येऊन बसलं. शिकलेली नर्स खेड्यात टिकेना, बाया तिच्याशी बोलेनात. मग त्यांनी गावातल्याच बाया घेतल्या. कितीतरी अक्षरशत्रू, कितीतरी आपल्या जातीच्या. त्या बाळंतपणं करायला शिकल्या, पोरांची वजनं घ्यायला शिकल्या, टीबी-कुष्ठरोग ओळखायला शिकल्या. ज्या बाईची सावली नको होती तिला वरच्या आळीतली बाळंतीण रात्री हाका मारून न्यायला लागली. आणि हापसे? गावात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा ते मुद्दाम दलित वस्तीत घेतले गेले. पाणी हवंय ना, मग या आमच्या दारात, धरा दांडा. महाडला आपण त्यांच्या तळ्यावर गेलो होतो. जामखेडच्या खेड्यांत ते आपल्या हापशावर आले.

१९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटाला १३४ देश जमले आणि २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य म्हणून सह्या झाल्या. त्या विचारामागं जामखेडसारख्या कामांचा हात होता. पुढच्याच वर्षी शहाण्यांनी सांगितलं, एवढं सगळं झेपणार नाही, चार-दोन स्वस्त उपाय निवडा. पाणी, जमीन, मजुरी, जात हे बाजूला पडलं, पुड्या आणि लशी राहिल्या. पुड्या-लशींनी पोरं वाचली, हे नाकारायचं नाही. पण हापसा कुणाच्या दारात, हा प्रश्न यादीतून गेला तो गेलाच.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, त्यांना इंजेक्शनसुद्धा द्यायला शिकवलं. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. शेजारच्या गावांच्या तुलनेत बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तर आई, ऐक. तुझ्या पोरीला सुई टोचता येत नाही. पण सुई गावातल्या बाईच्या हातात द्यायची, आणि ती दिल्यावर पोरं वाचली की नाही हे मोजून दाखवायचं, हे तिला येतं. ते शिकायला दोन वर्षं लागली.

पण बाईच्या हातात सुई दिली म्हणजे व्यवस्था सुधारली, असंही नाही. २००५ पासून गावोगाव आशा आल्या. त्यांना कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. कारण कामगार म्हटलं की पगार आला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. महाराष्ट्रात याच आशा २०२१ च्या जूनमध्ये संपावर होत्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा संपावर गेल्या. जिनिव्हात टाळ्या, आझाद मैदानात ऊन. ग्लोबल आणि ग्रामीण यांतलं अंतर असं मोजायचं असतं.

म्हणून शिकणाऱ्या पोरा-पोरींनो, तुम्हाला चार शब्द, भाऊबंदकीच्या हक्कानं.

तुमच्या पुस्तकात आपल्या वस्तीला 'फील्ड' म्हणतील. आपल्या आयांना 'लाभार्थी' म्हणतील. तुम्हाला मोठ्या पगाराच्या प्रोजेक्टवर घेतील आणि आपल्याच दुःखाचा तक्ता करायला लावतील. नोकरी करा, पोट भरा, परदेशात जा, जरूर जा. बाबासाहेबही गेले होते. पण ज्या दिवशी तुम्हाला आपली वस्ती फक्त फील्ड वाटायला लागेल त्या दिवशी तुम्ही दांडा काढून परत बसवणाऱ्यांत जमा झालात.

आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांनो, आपण यांच्याकडून काम घ्यायला शिकू. नुसते सत्कार नकोत. प्रत्येक शाखेनं एक वही घालावी. वस्तीत किती नळ, पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं. किती माणसांमागं एक संडास. वर्षात कोण मेलं, कोणत्या वयात, दाखल्यावर काय लिहिलं आणि शेजारीपाजारी काय सांगतात. गटारात कोण उतरतं, कुठल्या ठेक्यावर. विदर्भात सिकलसेलची तपासणी किती घरांची झाली, किती राहिली. गुत्त्यावर किती पगार जातो हेही लिहा, आपल्या लाजेचं पानही वहीत पाहिजे. नावं चव्हाट्यावर आणू नका, माणसाचा रोग ही त्याची खासगी गोष्ट आहे. आकडे मात्र वॉर्ड ऑफिसरच्या टेबलावर आपटा. त्या पोरीकडून वही नीट आखून घ्या. कप्पे आपण ठरवू. त्यांच्या कप्प्यांत आपली मढी हरवतात.

त्या संध्याकाळी पोरगी गप्प बसली होती. दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर पहाटे साडेचारला नळावर गेली. हातात घड्याळ, काखेत वही. आईनं विचारलं, "काय लिहितेस?" ती म्हणाली, "पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं ते." रांगेतल्या बाया आधी हसल्या. मग एकेक जण सांगायला लागली. तुझ्या वहीत हेही लिही, माझ्या पोराला गेल्या पावसाळ्यात जुलाब झाले. हेही लिही, माझी नणंद बाळंतपणात गेली. हेही लिही, हेही लिही.

वही अर्धी भरली आहे. उरलेली तुम्ही भरा.

जय भीम!